सोमवार ते शनिवारची साक्ष

नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात ख्रिस्ती घरं विखुरलेली आहेत. एखाद्या गावात चार, एखाद्यात एकच. कुणी शाळेत शिकवतं, कुणी दवाखान्यात नर्स आहे, कुणी गवंडी, कुणी साखर कारखान्यात हंगामी कामगार, कुणी घरच्या घरी शिलाई मशीन चालवतं. रविवारी उपासनेत साक्ष देण्याचा विषय निघाला की बऱ्याच माना खाली जातात. बाहेर चपला घालताना ठरलेलं वाक्य कानावर येतं, "आपल्याला कुठं बोलता येतंय? ते पाळकांचं काम."

हे म्हणणारी माणसं दिवसभर बोलतच असतात. पाया अजून दोन फूट खाली घेतल्याशिवाय भिंत उभी करणार नाही, हे गवंडी मालकाला पटवून देतो. लस टोचल्यावर ताप आला तर घाबरायचं नाही, हे नर्स पहिलटकरणीला समजावते. कापड कमी पडतंय, बाही आखूड होईल, हे शिलाईवाली आधीच सांगून मोकळी होते. अनोळखी माणसाचा विश्वास मिळवणं आणि न आवडणारी गोष्टही गोडीनं सांगणं ही विद्या त्यांच्या हातात आहे. सुवार्ता सांगायला तीच लागते. ती वेगळी शिकायला लांब जायची गरज नाही. धंद्यात ज्या वागण्यानं गिऱ्हाईक टिकतं त्याच वागण्यानं साक्ष टिकते, आणि ज्या वागण्यानं गिऱ्हाईक तुटतं त्यानं साक्षही तुटते. हे मी माझ्या दुकानात बसून शिकलो, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो.

माझा धंदा मोटार रिवायंडिंगचा. उन्हाळा हा आमचा हंगाम. विहिरी तळाला जातात, बोअर तुटक पाणी ओढायला लागतात आणि मोटारी जळतात. शेतकरी मोटारसायकलला बांधून मोटार आणतो, ओट्यावर ठेवतो आणि म्हणतो, "मिस्तरी, उद्या भरून पाहिजे. ऊस वाळतोय." नवीन पोरगा लगेच पाना घेऊन बसतो. जाणता कारागीर आधी विचारतो. पाणी किती दिवसांपासून तुटक येत होतं? रात्रीची लाइट होती का? स्टार्टर ट्रिप होत होता की कुणी तो डायरेक्ट करून ठेवला होता? मोटार आवाज करत होती का? शेतकरी घाईत असतो, त्याला हे प्रश्न नको असतात. तरी विचारायचे, आणि तो उत्तर देत असताना हातातलं काम खाली ठेवायचं.

मग मोटार उघडायची. आत दोन फेजच्या कॉइल कोळशासारख्या काळ्या आणि तिसरीची तार अजून चकचकीत दिसली, तर एक फेज गेला होता आणि मोटार उरलेल्या दोनवर तशीच ओढत राहिली, हे कळतं. सगळ्याच कॉइल सारख्या काळवंडल्या असतील तर दोष दुसरीकडे असतो. जास्तीचा लोड असेल, पाण्यावाचून कोरडी फिरली असेल, नाहीतर गाळानं जाम झाली असेल. कारण न शोधता नुसती नवी तार भरून दिली, तर आठ दिवसांत तीच मोटार परत ओट्यावर येते. कधी कधी मोटारीत दोषच नसतो, बोअरचं पाणी गेलेलं असतं. तेव्हा "भरून देतो" म्हणणं सोपं आणि फायद्याचं असतं. "दादा, मोटारीवर खर्च करू नका, आधी पाणी बघा" हे म्हणणं अवघड असतं.

आता हेच माणसाच्या बाबतीत बघा. शेजारची बाई सांगत असते की मुलगा तीन महिन्यांपासून घरी बोलत नाही. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपण वचन सांगून मोकळे होतो. वचन खरंच असतं, पण ते तिच्या दुखण्याला लागत नाही, कारण दुखणं कुठं आहे ते आपण विचारलेलंच नसतं. तिला वाटतं, यांनी माझं ऐकलं नाही, यांना त्यांचं सांगायचं होतं. शुभवर्तमानात प्रभू येशू किती वेळा आधी विचारतो, ते एकदा मुद्दाम शोधत वाचा. शोमरोनच्या विहिरीवर त्या बाईशी बोलणं सुरू होतं ते त्यानं पाणी मागितल्यावर. देणारा तो, पण सुरुवात मागण्यानं केली. यरीहोच्या वाटेवरचा बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसत होतं. तरी येशूनं त्याला विचारलं, तुझ्यासाठी मी काय करावं म्हणून. ज्याला सगळं ठाऊक होतं त्यानंही विचारलं.

म्हणून पहिली सवय ही लावा. कुणी दुःख सांगितलं की आपली गोष्ट लगेच पुढं करू नका, त्याच्याच गोष्टीतला पुढचा प्रश्न विचारा. चार दिवसांनी भेट झाली की आठवणीनं विचारा, "पोरगा बोलला का?" एवढं आठवणारी माणसं गावात फार नसतात. प्रार्थना करावीशी वाटली तर परवानगी घ्या, "तुमच्या मुलासाठी मी प्रार्थना केली तर चालेल का?" आपल्या भागात याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हटलंच, तर विषय तिथंच ठेवा, चेहरा पाडू नका आणि घरी जाऊन एकांतात प्रार्थना करा. हो म्हटलं, तर दोन वाक्यांत, त्यांच्याच रोजच्या बोलीत, मुलाचं नाव घेऊन प्रार्थना करा. त्या प्रार्थनेत उपदेश घुसडू नका. डोळे मिटलेल्या माणसाला प्रवचन ऐकवणं बरोबर नाही.

दुसरी गोष्ट तांब्याच्या तारेची. मोटार भरताना जळालेली जुनी तार निघते, तिला मोडीचा भाव असतो. ती गिऱ्हाइकाची असते. त्याच्यासमोर काट्यावर ठेवून तिचं वजन करायचं आणि मोडीच्या भावानं तेवढे पैसे बिलातून वजा करायचे, ही सरळ रीत. पण गिऱ्हाईक निघून गेल्यावर वजन केलं तर विचारणारं कुणी नसतं. नव्या तारेचंही तसंच. गेज थोडं बारीक घेतलं, वेढे थोडे कमी दिले, तरी मोटार चालू होते, पाणी फेकते आणि शेतकरी खूश होऊन जातो. ती तापते पुढं, आणि पुढच्या उन्हाळ्यात जळते. तेव्हा दोष लाइटवर जातो. स्टेटरच्या खाचेत कागदाखाली झाकलेली तार कुणी मोजायला येत नाही.

तुमच्या कामातही अशी झाकलेली जागा असते. गवंड्याचं सिमेंट-वाळूचं प्रमाण प्लास्टरखाली झाकलं जातं, शिक्षकानं वही खरंच वाचून तपासली की नुसती टिक मारली हे पालकांना कळत नाही, नर्सच्या रात्रपाळीत काय झालं ते रुग्णच जाणतो. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात पौलानं, जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, अशा अर्थाचं लिहिलं. ते त्यानं घरोघर राबणाऱ्या दासांना लिहिलं होतं. ज्यांच्या हातात मान नव्हता, अधिकार नव्हता, नुसतं काम होतं, त्यांना. पौल स्वतः तंबू करणारा. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहिला तो त्यांचा धंदा एक होता म्हणून. थेस्सलनीकात कुणावर भार पडू नये म्हणून त्यानं रात्रंदिवस हातानं काम केलं. शहरोशहरी त्याच्यावर आरोप झाले, पण मी कुणाचं फुकट खाल्लं नाही, हे तो ताठ मानेनं सांगू शकत होता.

झाकलेल्या जागी काम खोटं असेल, तर तोंडानं सुवार्ता सांगू नका. हे कडक वाटेल, पण मी विचार करूनच लिहितोय. लोकांना आपण सांगितलेलं आठवत नाही, आपण केलेलं आठवतं, आणि ज्याच्या दुकानात वजनात मारलं जातं त्याच्या दुकानातल्या क्रुसाच्या चित्राचाही राग येतो. आधी हिशेब सरळ करा. ज्याचं देणं आहे त्याचं द्या. जक्कयानं तेच केलं होतं.

काम सरळ असलं की प्रश्न आपोआप येतो. कधी लवकर, कधी फार उशिरा. माझ्याकडे येणारे एक आबा आहेत, सिद्धटेकच्या बाजूचे, भीमेच्या काठचे. एकदा तार काट्यावर ठेवली तेव्हा म्हणाले, "मिस्तरी, मी काही म्हटलं नव्हतं. वजन कशाला दाखवताय?"

मी म्हटलं, "आबा, तार तुमची आहे."

"ते खरं. पण कुणी दाखवत नाही." मग थोडं थांबून, "तुमच्यात तसं सांगितलंय का?"

मी एवढंच म्हटलं, "हो आबा. आमचा प्रभू येशू सगळं बघतो, आणि माझ्या चुका माफ करून त्यानं मला जवळ घेतलंय. त्याला तोंड दाखवायचंय, म्हणून खोटं करवत नाही."

आबांनी मान हलवली आणि पैसे मोजले. पुढं त्यांनी काही विचारलं नाही, मीही ताणलं नाही. ते ओट्यावर गिऱ्हाईक म्हणून आले होते आणि त्यांना ऊस भिजवायला परत जायचं होतं.

असं उत्तर ऐन वेळी सुचत नाही. पेत्रानं आपल्या पहिल्या पत्रात सांगितलंय की आपल्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेनं व आदरानं द्या. पहिला भाग आपल्या पाठ असतो, दुसरा निसटतो. आणि उत्तर द्यायचं म्हटलं तर आधी कुणीतरी विचारायला हवं, हे तर आपण विसरूनच जातो. आज रात्री जेवण झाल्यावर एक कागद घ्या आणि तीन-चार वाक्यं लिहा. येशू माझा कोण आहे? त्याच्यामुळं माझ्या वागण्यात, घरात, कामात काय बदललं? मग ती वाक्यं घरच्यांना वाचून दाखवा. बायको किंवा नवरा "हे खरं आहे" म्हणत नसेल, तर ते वाक्य काढून टाका. उरलेलं आपल्या गावच्या बोलीत आणा, चौथी शिकलेल्या आजीला समजेल असं. तारण, नीतिमान, अनुग्रह हे शब्द आपल्याला लहानपणापासून सवयीचे, पण ओट्यावर बसलेल्या माणसानं ते कधी ऐकलेले नसतात. त्याच्यापुढं ते टाकायचे आणि तो गप्प बसला की त्याचं मन कठीण आहे म्हणायचं, हा अन्याय आहे.

पगारावर असाल तर आणखी एक बंधन पाळा. मालकाच्या वेळेत साक्ष द्यायची नाही. रांगेत दहा रुग्ण उभे असताना नर्सनं एकीशी अर्धा तास देवाचं बोलणं ही साक्ष नाही, नऊ जणींवर केलेला अन्याय आहे. चहाची सुट्टी आहे, गाडीची वाट बघण्याचा वेळ आहे, घरी जातानाची वाट आहे.

आता आपल्या शेजारच्या तालुक्याकडं वळतो, कारण या विषयातली सगळ्यात मोठी शाळा तिथं आहे. विधानसभेला आपण कर्जत-जामखेड असं एका दमात म्हणतो. त्या जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य आलं. रजनीकांत नगर जिल्ह्यातलेच. दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले होते. आधी काही वर्षं नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काम केलं. तिथं त्यांना दिसलं की आपण बरं करून पाठवलेली मुलं काही महिन्यांनी त्याच आजारानं परत येतात. मोटार भरून दिली पण जळण्याचं कारण शेतातच राहिलं, तसलाच हा प्रकार. मग ते अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले आणि परत येताना मोठ्या शहरात न जाता दुष्काळी जामखेड निवडलं.

तिथं त्यांनी आधी काय केलं, ते साक्ष देऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात घ्यावं. ते डॉक्टर होते, त्यांच्याजवळ औषधं होती, सर्जरीचं कौशल्य होतं. गावांना विचारल्यावर उत्तर आलं ते पाण्याचं आणि अन्नाचं. औषध लोकांच्या यादीत खाली होतं. डॉक्टरांनी आपली यादी बाजूला ठेवून लोकांची यादी घेतली. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी बोअर खोदायला मदत केली आणि लहान मुलांसाठी गावानं चालवलेली स्वयंपाकघरं उभी राहिली. हातपंप बसवताना तो दलित वस्तीत बसेल असं बघितलं. ज्यांना गावच्या विहिरीवर चढू दिलं जात नव्हतं, त्यांच्या दारातलं पाणी भरायला आता सगळ्या गावाला यावं लागलं. समानतेवर भाषण न देता केलेलं हे काम आहे. तिथं घागर भरून घेणाऱ्या बाईला जे कळलं ते कुठल्या पत्रकातून कळलं नसतं.

पुढं त्यांनी गावातल्याच बायका निवडून त्यांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येक दलित होत्या, कित्येक टाकलेल्या होत्या. आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत आणि गावी परत जाऊन बाळंतपणं करत, मुलांची वजनं घेत, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी पाजायला शिकवत. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये त्या गावांत जन्मलेल्या हजार बालकांपैकी १७६ पहिलं वर्ष पुरं करत नव्हती. शतक संपेपर्यंत तो आकडा तिसाच्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये काढलेल्या पुस्तकात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आहे. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज आपल्या गावागावांत फिरणाऱ्या आशाताई २००५ पासून ज्या योजनेत काम करतात, तिची वाट जामखेडसारख्या कामांनी आधी पाडून ठेवली होती.

जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनला मोठ्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडं बोट दाखवून त्या म्हणाल्या की शहरातले डॉक्टर आणि दवाखाने तसे आहेत, महाग आणि हात न पोचणारे, आणि आम्ही पणत्या आहोत, स्वस्त, घरोघर नेता येणाऱ्या, आणि एकीवरून दुसरी पेटवता येते. आरोळे दांपत्यानं आपल्या कामाचं मूळ येशूच्या शिकवणीत आहे हे कधी लपवलं नाही आणि उपचारासाठी कुणाला धर्माची अटही घातली नाही. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. जामखेडच्या परिसरात जुन्या माणसांना त्यांच्याबद्दल विचारा. येशूच्या प्रेमाबद्दल कुणी काय सांगतं त्याकडं लक्ष द्या, आणि तुमच्या कामाबद्दल शेजारी काय सांगतील ते मनात ताडून बघा.

मला माहीत आहे, वाचणाऱ्यांपैकी काही जण म्हणतील की नुसतं चांगलं काम तर कुणीही करतं, नाव घेतलं नाही तर येशू कसा कळणार? प्रश्न रास्त आहे. नाव घ्यायचंच आहे. विचारल्यावर ते लपवणं भित्रेपणा ठरेल. पण विचारण्याजोगं काही दिसायच्या आधीच नाव घेतलं, तर ऐकणाऱ्याच्या हातात नुसता शब्द पडतो.

बोलायची वेळ आली की कसं बोलायचं, हे नगर जिल्ह्याला बाहेरून शिकायची गरज नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं, 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये इथूनच सुरू झालं. तरी बराच काळ उपासनेतली गाणी परक्या चालींवर घासून बसवलेली असत. मग नगरच्याच ख्रिस्ती मंडळींनी टाळ-मृदंगाचं कीर्तन हाती घेतलं, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणानं येशूची भक्ती गायली. तुकोबांचे अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला ती आपली वाटली. ख्रिस्ती झाल्यावर टिळकांनी तुकोबांना टाकून दिलं नाही, उलट त्यांचा मोठा आदर राखला.

आपल्या तालुक्यात गोदड महाराजांची रथयात्रा आहे, राशीनची देवी आहे, सिद्धटेकचा गणपती आहे. ज्याच्याशी बोलायचं त्याची आई कदाचित तिथं अनवाणी जाते. तिच्या श्रद्धेची टवाळी करून येशू सांगता येत नाही. मी तर म्हणेन की दुसऱ्याच्या देवाबद्दल वाईट शब्द काढायचाच नाही, समोर नाही आणि मागंही नाही, कारण मागं बोललेलं लेकरं ऐकतात आणि शाळेत बोलून दाखवतात. यात्रेला निघालेल्या शेजाऱ्याला सांभाळून जा म्हणा, परत आल्यावर पाय दुखले का विचारा. आपला विश्वास वेगळा आहे हे त्याला ठाऊक आहे. प्रसाद किंवा पूजेचं कारण निघालं आणि तुमचं मन घेत नसेल, तर हात जोडून, कारण सांगून नम्रपणे नाही म्हणता येतं. दुसऱ्याचा मान राखून दिलेला नकार गावात समजून घेतला जातो.

कायद्याचंही स्पष्ट बोलतो, कारण याबाबत आपल्या लोकांत एक तर नुसती भीती असते, नाहीतर नुसता बेफिकीरपणा. राज्यघटनेच्या २५व्या कलमानं प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सांगितलं की आपली तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क यात येतो, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. तेव्हा सांगणं आपलं, ठरवणं त्याचं. या बाबतीत राज्यात त्या वेळी लागू असलेला कायदा काय म्हणतो, हे एखाद्या वकिलाकडून मंडळीनं नीट समजून घ्यावं.

पण कायदा नसता तरी काही गोष्टी वर्ज्यच राहिल्या असत्या. ज्याला उसने पैसे दिलेत, त्याच्यापुढं विश्वासाचा विषय आपण होऊन काढू नका. त्याला नाही म्हणायची मोकळीक नसते. शिक्षकानं वर्गातल्या मुलांना पालकांच्या पाठीमागं प्रार्थनेला नेऊ नये. हाताखालच्या कामगाराला उपासनेला ये म्हणताना त्याच्या मनात पगाराची शंका येणार नाही याची खात्री आहे का, ते आधी बघा. नसेल तर म्हणू नका. धान्य, कपडे, फी, नोकरी यातलं काहीही आणि बाप्तिस्मा यांची एकमेकांशी गाठ बांधू नका. मदत करायची तर ती पूर्ण करा आणि तिथंच सोडा. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण औषध बंद कर असं चुकूनही म्हणू नका. क्षयाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या कुणी प्रार्थनेच्या भरवशावर सोडल्या आणि त्याचं बरंवाईट झालं, तर त्या घरात येशूचं नाव कायमचं कडू होतं.

हे सगळं पाळलं तरी फळ दिसेलच असं नाही. ते सहन करायला शिकावं लागतं. टिळकांची गोष्ट आपल्या मंडळींत सांगितली जाते, पण तिच्यातल्या एका माणसाकडं फारसं कुणी बघत नाही. १८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं निघाले होते. डब्यात एक युरोपीय प्रवासी होता. त्यानं सभ्यपणे जागा दिली, संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या, टिळकांचं ऐकून घेतलं आणि उतरताना नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती वाचायचं कबूल केलं, आणि आधी खटकत असतानाही पुढं वाचत राहून डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत पोचले. तो प्रवासी कोण होता, हे टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही. आपण दिलेलं पुस्तक मराठीला केवढा भक्तकवी देणार आहे, हे उतरताना त्या प्रवाशाला कळणं शक्य नव्हतं. त्यानं प्रवासात शेजारच्या माणसाशी चांगलं वागणं एवढंच केलं होतं.

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी घेतला नाही. एकत्र राहायला लागल्यावरही त्यांनी आपलं सोवळं, आपलं पाणी, आपली चूल वेगळी ठेवली, आणि टिळकांनी ते चालू दिलं. त्या स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या वेळी आल्या. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' घरात असेल तर तो भाग पुन्हा वाचा. घरात एकटंच कुणी विश्वासात आलेलं असेल, तर नवऱ्यावर, बायकोवर, सासूवर दडपण आणण्याआधी तो वाचायलाच हवा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. कधीतरी तुमच्या ओळखीचा माणूस स्वतःहून म्हणेल, "रविवारी तुमच्याकडं येऊ का?" त्या वेळी साऱ्या मंडळीला बातमी देऊ नका. त्याला आधी सांगा की किती वेळ लागतो, काय काय होतं, कुठं उभं राहतात, दानाची थैली फिरते तेव्हा त्यानं काही टाकायची गरज नाही, आणि मधूनच उठावंसं वाटलं तरी चालेल. घरच्यांना सांगून ये, लपवून येऊ नको, असंही सांगा. उपासनेत त्याच्या शेजारी तुम्ही बसा, गाण्याचं पुस्तक उघडून द्या आणि त्याला पुढं बोलावून ओळख करून द्यायचा मोह पाळकांना आवरायला सांगा. नंतर चहा प्या. बोलणं त्याला सुरू करू द्या. तो पाण्याचं बोलला, कांद्याच्या भावाचं बोलला, तर तेच बोला. परत यायचं की नाही ते त्याला ठरवू द्या, आणि सोमवारी त्याची मोटार दुकानात आली तर इतरांच्या मोटारीसारखीच, ओळीत जिथं नंबर आहे तिथं, नीट भरून द्या.